आधी आराखडा, मग वर्गणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम छान झाला. संयोजकांनी मला मात्र कामाचा विषय दिला आहे, 'शाळेचा शैक्षणिक विकास आणि माजी विद्यार्थी'. मी या शाळेतून १९७६ साली सातवी पास झाले. पुढे डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. निम्मी नोकरी धुळे जिल्ह्यात झाली, निम्मी आपल्या जळगाव जिल्ह्यात, आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख होते. त्यामुळे मी जे बोलणार आहे ते दहा-बारा शाळांच्या दप्तरात डोकावून आणि वर्गात बसून पाहिलेलं आहे. थोडं रोखठोक वाटलं तर आपल्याच घरातली बाई बोलते आहे असं समजा.

आपल्या ग्रुपवर गेले चार महिने एकच विषय चालू आहे. शाळेला कमान बांधायची. सिमेंट काँक्रीटची, वर सरस्वती, मध्ये आपल्या दिवंगत गुरुजींचं नाव आणि दोन्ही खांबांवर बॅचवार देणगीदारांची नावं. अंदाजपत्रक पाच लाखांचं आहे आणि निम्म्याहून जास्त आकडे जाहीर झाले आहेत. ज्यांनी आकडे टाकले त्यांच्या मनात शाळेबद्दल माया आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. गुरुजींनी आपल्याला काय दिलं तेही मी विसरलेले नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, पहिला रुपया खर्च करण्याआधी आपण शाळेचा विकास आराखडा मागून घेऊ आणि वाचू.

आराखडा म्हणजे काय, हा प्रश्न इथे बऱ्याच चेहऱ्यांवर दिसतो आहे. त्यासाठी थोडा कायदा सांगते.

२००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पंचवीस टक्के प्रवेशामुळे तो सगळ्यांना माहीत झाला, पण त्यातलं २१ आणि २२ ही दोन कलमं फारशी कुणी वाचत नाही. कलम २१ सांगतं की, सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. निम्म्या जागा महिलांच्या. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात समितीचे अध्यक्ष पालकांमधूनच निवडले जातात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. या समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळेला मिळणारा पैसा नीट खर्च होतो का ते पाहायचं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचा. कलम २२ पुढे जाऊन सांगतं की, शासनाने शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असेल. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दरवर्षीचा उपआराखडा असतो, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार व्हायला हवा.

म्हणजे पाहा, शाळेला काय हवं हे ठरवायचा पहिला अधिकार कायद्याने मंत्रालयाला दिलेला नाही, सरपंचांना नाही आणि आपल्यालाही नाही. तो दिला आहे आज इथे ज्यांची मुलं बसतात त्या आयांना आणि बापांना.

आता प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगते. कुठल्याही एका शाळेबद्दल मी बोलत नाही, आणि आपल्या शाळेबद्दल तर नाहीच. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोषण आहाराची नोंदवही असते, यू-डायसची माहिती भरायची असते, शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, शिवाय स्वतःचा वर्ग असतो. आराखड्याचा नमुना वरून येतो आणि 'उद्यापर्यंत पाठवा' असा निरोपही त्याच्याबरोबर येतो. मग मागच्या वर्षीचा आराखडा काढायचा, पट बदलायचा आणि पाठवायचा. समितीची सभा दिवसा अकराला ठेवलेली असते. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या दिवसांत अकराच्या सभेला येणं म्हणजे एका आईने त्या दिवसाची मजुरी सोडणं. ती येत नाही. संध्याकाळी इतिवृत्ताची वही तिच्या घरी जाते आणि ती सही करते. सगळं कागदावर नियमाप्रमाणे होतं, पण जिला बोलायचा अधिकार दिला तिचं बोलणं कुणीच ऐकलेलं नसतं.

ज्या गावांत सभा संध्याकाळी सातला, मारुतीच्या पारावर घेतली, तिथे मी वेगळं चित्र पाहिलं आहे. एका गावात पहिल्याच सभेत एका आईने विचारलं, "गुरुजी, माझी पोरगी चौथीत आहे, तिला एसटीची पाटी वाचता येत नाही. ते कुठे लिहायचं या कागदात?"

तिचा प्रश्न फार मोलाचा होता. कारण खरोखरच त्या कागदात ते लिहायला ठळक अशी जागा नाही. नियमांप्रमाणे आराखड्यात वर्गवार पट येतो, किती शिक्षक लागतील ते येतं, किती खोल्या, किती साहित्य, मागे पडलेल्या मुलांच्या विशेष प्रशिक्षणाचा खर्च, पुस्तकं-गणवेश आणि एकूण पैसा किती लागेल ते येतं. हे सगळं हवंच. पण कोणत्या मुलाला वाचता येतं आणि कोणाला येत नाही, हे पान समितीने स्वतः जोडावं लागतं. ते जोडायला कायद्याने कुणाला अडवलेलं नाही.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी आपल्या शाळेच्या चौथीच्या वर्गात दोन दिवस बसले. वर्गात २३ मुलं आहेत. दुसरीच्या पुस्तकातला एक सोपा परिच्छेद प्रत्येकाला बाजूला घेऊन वाचायला दिला. ९ जणांना तो वाचता आला नाही. त्यातले काही शब्दापर्यंत आले, दोघं अक्षरांवरच अडकले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शिक्षक मेहनती आहेत, मी त्यांना शिकवताना पाहिलं आहे. त्या नऊ जणांची घरं मी फिरून आले, तेव्हा कारणं दिसली.

पहिलं कारण वेचणी. त्यातली चार मुलं ऑक्टोबर ते डिसेंबर आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत असतात. मोठी वेचायला जातात आणि ही लहान भावंडं सांभाळतात. दुसरं कारण ऊसतोड. दोन मुलांची घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. तिसरं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. घरी आई म्हणते 'आठे ये', शाळेत बाई म्हणतात 'इकडे ये'. घरी 'काय करी ऱ्हायना', शाळेत 'काय करतो आहेस'. आपणही याच अहिराणीतून पुस्तकातल्या मराठीत आलो. पण आपल्या वेळी वर्गातले गुरुजीही अहिराणी बोलायचे आणि गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगून मग धड्याकडे वळायचे. आज बदलीने आलेल्या शिक्षकाला ही बोली येईलच असं नाही. पोर गप्प बसतं आणि गप्प बसलेल्या पोराला काहीच येत नाही असं वाटू लागतं.

आता कमानीकडे परत येते. या नऊ मुलांपैकी एकाचंही काम कमानीने होत नाही. तसंच, या तीन कारणांपैकी एकालाही लाखोंचा खर्च लागत नाही. लागतो तो माणसाचा वेळ, रोजचा, आणि वर्षानुवर्षं.

शाळेकडे पैसा येतो कुठून, तेही आपल्याला माहीत असावं. २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. साधारण शंभरपर्यंतच्या पटाला वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० पटाला ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,०००. अगदी कमी पटाच्या शाळेला याहूनही कमी. यातलाच किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, आणि उरलेल्यात वीजबिल, खडू-फळा, खेळाचं साहित्य, किरकोळ दुरुस्ती, पाणी हे सगळं भागवायचं. मुख्याध्यापकांनी यातून वाचनासाठी माणूस ठेवावा म्हटलं तर ते शक्यच नाही. भिंत, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी यांसाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. धुळे जिल्ह्यात साक्री-शिरपूरच्या आणि आपल्याकडे चोपडा, यावल, रावेरच्या पेसा गावांत त्याशिवाय पाच टक्के अबंध निधीही ग्रामसभेच्या हातात असतो. पण ग्रामपंचायतीचा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो आणि शाळेची मागणी त्यात जायची असेल तर समितीचा आराखडा आधी तयार हवा. बऱ्याच गावांत स्वच्छतागृहाचं काम राहून जातं, ते पैसा नसतो म्हणून राहतं असं नाही. मागणीचा कागद वेळेवर ग्रामसभेत पोहोचत नाही.

लोक शाळेला पैसा देत नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्याने हे दाखवून दिलं आहे. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळा डिजिटल करायचं मनावर घेतलं. गावोगाव सभा घेतल्या, लोकांशी बोलले. स्वतःचा वाटा घातला, पण मोठा वाटा गावांनी उचलावा असा आग्रह धरला. आणि गावांनी तो उचलला. मजुरी करणाऱ्यांनीसुद्धा शंभर-दोनशे दिले. जिल्ह्यातल्या अकराशेहून जास्त शाळा त्या चळवळीत डिजिटल झाल्या. मी त्यापासून शिकले ते हे, की नीट समजावून सांगितलं आणि काय होणार आहे ते डोळ्यांनी दिसलं तर खानदेशातला माणूस हात आखडत नाही.

पण वस्तू घेतल्यानंतर तिच्यामागे माणूस उभा राहावा लागतो, हेही नोकरीत पाहिलं. कुठे देणगीतून आलेला प्रोजेक्टर अभ्रा घालून कपाटात बसला, कारण दिवा गेला आणि नव्याला पैसे कोण देणार ते ठरलं नव्हतं. कुठे संगणक होते पण वीजबिल थकलं होतं. वस्तू देणाऱ्याचा फोटो निघतो, पण तिच्या दुरुस्तीचा खर्च ज्याच्यावर पडतो तो फोटोत नसतो.

आणखी जुनं उदाहरण आपल्या अंगणातलं. अमळनेरला प्रतापशेठजींच्या दातृत्वातून शाळा उभी राहिली. त्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. त्याला काय लागत होतं? शाई, कागद आणि एका माणसाची रोजची मेहनत. शेठजींचा पैसा नसता तर वर्ग नसते, हे खरंच आहे. पण शंभर वर्षांनी आपण अमळनेरचं नाव घेताना त्या हस्तलिखित दैनिकाची आठवण काढतो, दरवाजाची काढत नाही.

आता थोडं दूरचं सांगते, कारण त्यातून आपल्याला एक युक्ती मिळते. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. १८९६ साली ते राज्य झालं तेव्हा शाळांच्या नावाने त्याला जमिनी मिळाल्या. आपल्याकडे देवस्थानाची इनाम जमीन असते ना, तसंच समजा. त्या जमिनींच्या उत्पन्नाची कायमची ठेव केली आहे. १९९९ साली तिथे कायदा झाला की, त्या ठेवीच्या उत्पन्नातला वाटा प्रत्येक सरकारी शाळेला द्यायचा आणि तो कशावर खर्च करायचा ते शाळेच्या परिषदेने ठरवायचं. त्या परिषदेत कर्मचाऱ्यांपेक्षा पालक जास्त असतात. मात्र अट अशी की, मुलं अभ्यासात कुठे सर्वांत जास्त कमी पडतात ते आधी पाहायचं, त्यावर उद्दिष्ट लिहायचं, ते गाठलं की नाही हे कशाने मोजणार तेही लिहायचं आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना अहवाल द्यायचा. आपला कायदा आणि त्यांचा कायदा वेगळा आहे, देश वेगळा आहे. पण मुद्दल मोडायचं नाही आणि व्याज अभ्यासावरच खर्चायचं, ही दोन वाक्यं आपल्या शेतकऱ्याच्या घरातसुद्धा सहज पटतील. बी-बियाणं खाऊन टाकायचं नसतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून माझा हिशेब ऐका. पाच लाख रुपयांची कमान बांधली तर ती एकदा बांधली जाते, पुढे रंगाचा खर्च दर दोन वर्षांनी. तेच पाच लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ३२,५०० रुपये येतात. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला, जिला अहिराणी घरची आहे आणि मराठी चांगली येते, महिना ३,००० रुपये मानधन दहा महिने दिलं तर ३०,००० होतात. उरलेल्या अडीच हजारांत गोष्टींची पुस्तकं येतात. ती रोज शाळा सुटल्यावर दीड तास तिसरी ते पाचवीच्या मागे राहिलेल्या मुलांना घेऊन बसेल. आधी घरच्या बोलीत गोष्ट, मग ती फळ्यावर, मग पुस्तकात. वेचणीच्या महिन्यांत तोच वर्ग संध्याकाळी दिवेलागणीला, म्हणजे भावंडं सांभाळणारी मुलंही येतील. आणि मुद्दल शाळेच्या नावाने तसंच राहील, पुढच्या वर्षीही आणि आपण नसू तेव्हाही. गुरुजींचं नाव कशाला द्यायचं असा प्रश्न असेल तर या वाचनवर्गाला द्या. त्यांनी आयुष्यभर तेच केलं.

व्याजाचा दर खालीवर होईल हे मला कळतं. म्हणून ठेव दरवर्षी थोडी वाढवत न्यावी लागेल. ज्यांनी आकडे जाहीर केले आहेत त्यांनी ते कमी करू नयेत, एवढीच विनंती.

इथे दोन धोके आहेत आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

पहिला धोका, आपली देणगी शासनाच्या जबाबदारीच्या जागी जाऊन बसायची. कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की, पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे पटाप्रमाणे वाढत जातील. ही पदं भरणं हे शासनाचं काम आहे. शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून आपण वर्गणी काढून कुणाला तरी उभं केलं, तर ती जागा भरायची घाई कुणालाच राहत नाही. म्हणून वाचनवर्ग शाळेच्या वेळेनंतरचा, पूरक. रिकाम्या जागेसाठी समितीने ठराव करायचा, आराखड्यात लिहायचं आणि जिल्हा परिषदेत पाठपुरावा करायचा. त्या कामाला आपल्यातले वकील, पत्रकार, निवृत्त अधिकारी उपयोगी पडतील. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचंही तसंच. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, शिक्षण हमी कार्ड ही शासनाची साधनं आहेत. कुणाची घरं जाणार त्यांची यादी दिवाळीआधी समितीच्या हातात असली तर ती वापरता येतात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर हेच मांडलं होतं की, सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टातून भरते आणि रयतेच्या मुलांच्या शिक्षणाला मात्र त्यातलं फार थोडं मिळतं. तो पैसा मागणं हा हक्क आहे. देणगी देऊन आपण तो सोडून द्यायचा नाही.

दुसरा धोका आपला स्वतःचा आहे. आपण शहरात राहतो, चार पैसे कमावले आहेत, बोलता येतं. आपण गावात आलो की आपलंच खरं, असं वातावरण तयार होतं. पण आपल्यापैकी कितीजणांची मुलं या शाळेत आहेत? बहुतेकांची इंग्रजी माध्यमात शिकली. समितीत आपल्याला मत नाही आणि ते योग्यच आहे. ज्या आईची मुलगी आज या वर्गात बसते तिने ठरवायचं आणि आपण तिच्यामागे उभं राहायचं. उद्या तिने सभेत सांगितलं की, "वाचनवर्ग नंतर, आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला दार लावा, माझी पोरगी त्यापायी शाळा बुडवते," तर आपण माझा हा सगळा हिशेब बाजूला ठेवू आणि आधी दार लावू. मी दिलेला हिशेब फक्त सुचवणं आहे.

आता पुढच्या दोन महिन्यांत काय करायचं ते मुद्द्यांनी सांगते, म्हणजे घरी गेल्यावर विसरायला होणार नाही.

एक, आज कमानीचा ठराव करू नये. जाहीर झालेल्या रकमा 'शैक्षणिक निधी' म्हणून नोंदवाव्यात आणि आराखडा तयार होईपर्यंत खर्च करू नयेत.

दोन, समितीच्या अध्यक्ष ताईंना विनंती की, आराखड्याची सभा संध्याकाळी घ्यावी. सभेआधी तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाने मोठ्याने वाचून दाखवावं, आईवडिलांच्या समोर, पण एकेकट्याने, कुणाची फजिती होणार नाही अशा तऱ्हेने. गुण द्यायचे नाहीत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यापैकी कुठपर्यंत आलं एवढंच लिहायचं. मी स्वतः येईन आणि शिक्षकांना मदत करीन.

तीन, आराखड्याच्या पहिल्या पानावर ही यादी येऊ द्या. त्याखाली लिहा, पुढच्या मार्चपर्यंत कोण कुठे पोहोचलं पाहिजे. मग कोणतं काम शासनाकडे मागायचं, कोणतं ग्रामपंचायतीकडे आणि कोणतं आपल्याकडे, असे तीन रकाने करा. आपला निधी फक्त तिसऱ्या रकान्याला.

चार, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, दिलेल्या प्रत्येक वस्तूची साठा नोंदवहीत नोंद, आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर, सगळ्यांना दिसेल असा. पालकांकडून सक्तीची वर्गणी एक रुपयाचीही नको. या शाळेत शिक्षण मोफत आहे आणि ते मोफतच राहिलं पाहिजे.

पाच, दर तीन महिन्यांनी पुन्हा वाचून घ्यायचं आणि तो निकाल आपल्या ग्रुपवर टाकायचा. मुलांची नावं न टाकता, नुसते आकडे. चौथीतले नऊ होते, आता किती राहिले, एवढं कळलं की पुरे. आकडा कमी झाला नाही तर समितीने आणि आपण मिळून विचारायचं की, काय बदलायला हवं.

मला माहीत आहे, कुणीतरी मनात म्हणत असेल की, ताई, गावाला कमान दिसते, वाचन कुणाला दिसतं? जिभाऊ, ते आधी आईला दिसतं. पोरगी बाजारातून येताना दुकानाची पाटी वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते, बापाच्या कापसाच्या पावतीवरचं वजन वाचून दाखवते. ज्या घरात हे घडतं, ते घर दुसऱ्या घराला सांगतं आणि पुढच्या जूनमध्ये शाळेचा पट वाढतो. आज गावातून सकाळी इंग्रजी शाळांच्या तीन पिवळ्या गाड्या निघतात. त्या गाड्यांत बसणारी मुलं कमान पाहून परत येणार नाहीत. इथल्या चौथीतल्या प्रत्येक मुलाला वाचता येतं हे कळलं, तर त्यातल्या काहींचे आईवडील नक्की विचार करतील. आणि पट टिकला तर शिक्षक टिकतात, शाळा टिकते. लहान गावांच्या शाळांचं पुढे काय होईल याची चर्चा आपण सगळे ऐकतोच आहोत.

अध्यक्ष महोदय, वेळ संपत आली. डिसेंबरअखेरची आराखड्याची तारीख जवळ आहे आणि कापूसही अजून शेतात आहे, म्हणून सभेची तारीख आजच, जेवणापूर्वी, समितीच्या ताईंना विचारून ठरवावी. बाहेरगावी राहणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी त्या संध्याकाळी यावं आणि मागच्या रांगेत बसून ऐकावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी आकडा कळवला आहे, तो पाठवून द्यावा.



जय हिंद, जय महाराष्ट्र.